कामाच्या ठिकाणचा संवाद (नागपूर)

कामाच्या ठिकाणचा संवाद : एका कामात गुंतलेली माणसे एकमेकांना माहिती, सूचना, अडचण आणि मत ज्या रीतीने कळवतात ती रीत, आणि तिच्यातून जुळणारे किंवा तुटणारे संबंध. हसून बोलणे, डबा वाटून खाणे, सुखदुःखाला धावून जाणे ही त्याची एक बाजू. चूक झाली, माल अडकला, मुदत पाळता येणार नाही, हे हाताखालच्या माणसाला वरच्यापुढे वेळेत मांडता येते का, ही दुसरी. नागपूरच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत पहिली बाजू मुळातच भरभक्कम आहे. दुसरी घडवावी लागते, म्हणून या नोंदीचा भर तिच्यावर आहे.

१९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. मराठी आणि हिंदी इथल्या कचेऱ्यांत तेव्हापासून शेजारी नांदतात. मराठीत सुरू झालेले वाक्य हिंदीत संपले तरी कोणाला खटकत नाही. हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत भंडारा-गोंदियाचे, छिंदवाड्याचे, छत्तीसगडचे कामगार एकाच पाळीत असतात. तिथे सूचना कोणत्या भाषेत दिली यावर ती किती समजली हे ठरते. इंग्रजीत छापलेली सुरक्षेची पाटी भिंतीवर असणे म्हणजे ती सांगून झाली, असे होत नाही.

नात्याचा पहिला अंदाज हाक मारण्यावरून येतो. वरिष्ठ ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’, जुना कारागीर ‘काकाजी’, बरोबरीचा ‘भाऊ’, सहकारी बाई ‘ताई’. ‘हो जी’मधल्या ‘जी’त मान आहे. ‘बे’ मात्र बाहेरून बदली होऊन आलेल्याला शिवीसारखा लागतो. वर्षानुवर्षांच्या सोबत्याला ‘काय करून राहिला बे?’ म्हणणे ही जवळीक असते. तेच वयाने मोठ्याला, नव्या माणसाला किंवा एखाद्या ताईंना म्हटले की अपमान होतो. वरिष्ठाने शिपायाला ‘बे’ म्हणायचे आणि शिपायाने मात्र ‘साहेब’च म्हणायचे, याला जवळीक म्हणता येणार नाही. ‘बे’ दोन्ही बाजूंनी चालत असेल तरच ते मैत्रीचे.

‘करून राहिलो’ या वऱ्हाडी-नागपुरी क्रियारूपाकडे इथे लक्ष दिले पाहिजे. काम चालू आहे एवढेच ते सांगते. ‘करून राहिलो साहेब’ म्हणणाऱ्याने फाइल उघडली आहे, अर्धी लिहिली आहे की सहीला ठेवली आहे, हे त्यातून कळत नाही. ‘होऊन जाते ना’ आणि ‘पाहतो’ हीही त्याच घरातली उत्तरे. ती लबाडीतून येत नाहीत. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणे इथे जड जाते, त्या संकोचातून येतात. म्हणून दोष उत्तर देणाऱ्यावर ढकलू नये. ‘झालं का?’ असे विचारले की ‘करून राहिलो’ हेच येणार. ‘काय उरलं? कुठं अडलं? कोणाची सही पाहिजे?’ असे विचारले की माणूस मोकळेपणाने बोलतो.

सकाळच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आणि चार वाजताच्या चहावर कामाच्या निम्म्या गोष्टी ठरतात. रुसवे तिथेच मिटतात, नवा माणूस तिथेच सामावतो. पण जे ठेल्यावर येत नाहीत, म्हणजे बहुतेक बायका, कंत्राटी कामगार, रात्रपाळीवाले, त्यांच्यापर्यंत ठरलेले पोचत नाही आणि पुढे ‘तुम्हाला माहीत नव्हतं का?’ हेही त्यांनाच ऐकावे लागते. चहावर ठरलेले टेबलावर पुन्हा सांगणे हाच त्यावरचा उपाय. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) वाटून घेणेही या जवळिकीत शिरले आहे. सुपारी-तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. न घेणाऱ्याला परका मानणे थांबलेच पाहिजे.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे भरते. हिवाळी अधिवेशनात आमदारांच्या तारांकित (तोंडी उत्तराच्या) प्रश्नांची आणि लक्षवेधी सूचनांची उत्तरे कचेऱ्यांना थोड्या वेळात जमवावी लागतात. ज्या कचेऱ्यांतली माणसे एरवीही एकमेकांना फोन करतात त्यांची माहिती लवकर येते, आणि आकडा चुकला तर तेही लवकर कळते. डिसेंबरात अशी ओळख काढू म्हटले तर उशीर झालेला असतो.

या विषयावरचे सर्वांत परिचित संशोधन १९२४ ते १९३२ या काळात अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात झाले. तिथे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते. पुढे कामगाराला हवे ते बोलू दिले, तेव्हा खरी माहिती मिळू लागली. संस्थांतल्या वर्तनाच्या अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात आढळले की चांगल्या गटांत चुका जास्त नोंदल्या जात होत्या. त्या गटांतली माणसे चूक लपवत नव्हती. मोकळेपणाने बोलण्याच्या या निर्धास्तपणावर त्यांचा १९९९ चा शोधनिबंध आहे. याउलट, प्रशिक्षणवर्गांत सांगितला जाणारा ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हा नियम चुकीचा आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे ते आकडे भावना आणि आवड-नावड व्यक्त होण्यापुरते आहेत. कामाच्या सूचनेला ते लागू नाहीत.

संबंध निव्वळ स्वभावावर सोडता येत नाहीत. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या इथल्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत मालक-कामगारांच्या संयुक्त कार्यसमितीची तरतूद केली. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि तिची अध्यक्ष महिलाच असावी लागते. ‘आपलं ऑफिस घरासारखं आहे’ असे म्हणून ही समिती टाळणे हा त्या घरातल्या बायकांवरच अन्याय आहे.

नागपूर हे रेल्वेचे मोठे ठाणे. मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य या दोन्ही रेल्वेंचे विभाग इथे आहेत. निरोप पोचला की नाही हे पक्के करण्याची रेल्वेतली पद्धत इतर कचेऱ्यांनीही पाहण्याजोगी आहे. फाटक बंद केल्यावर गेटमन स्टेशन मास्तरला फोनवर नुसते ‘बंद केलं’ म्हणत नाही. आपल्याजवळच्या तक्त्यातला एक प्रायव्हेट नंबर, म्हणजे एकदाच वापरायचा खुणेचा आकडा, सांगतो. दोघेही तो आपापल्या वहीत लिहितात, आणि वापरलेला नंबर तक्त्यात खोडला जातो. नंबर वहीत चढल्याखेरीज फाटक बंद झाले असे स्टेशन मास्तर धरत नाही.