फुटलेल्या रॉक बँडचे रीयुनियन

फुटलेल्या रॉक बँडचे जुने सदस्य पुन्हा एकत्र येऊन मैफल, दौरा किंवा नवे ध्वनिमुद्रण करतात, त्याला रॉक संगीतात रीयुनियन म्हणतात. बँड फुटला की चाहत्यांना याची आस लागते आणि काही बँडच्या बाबतीत ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ज्यांनी तो बँड कधी प्रत्यक्ष ऐकलाच नाही, असे तरुणही ती बाळगून असतात. गायक एकट्याने गात असतो, गिटारवादकाचे नवे अल्बम येत असतात, जुनी गाणी हवी तेव्हा ऐकता येतात. तरी समाधान होत नाही, कारण हवा असतो तो ठरावीक तीन-चार माणसांनी मिळून वाजवल्यावरच निघणारा आवाज. ड्रमर ठोका किंचित मागे ठेवतो, बेसवादक त्याला धरून चालतो, गिटारवादक त्या दोघांच्या भरवशावर मोकळा सुटतो. यातला एक जरी बदलला, तरी तेच गाणे निराळे वाटते.

लेड झेपलिनच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. ड्रमर जॉन बोनमचा सप्टेंबर १९८० मध्ये मृत्यू झाला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड थांबवला. १३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियात लाइव्ह एड या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीच्या मंचावर ते तिघे एकत्र आले. ड्रमवर टोनी थॉम्प्सन आणि त्याच दिवशी लंडनमध्ये वाजवून काँकॉर्ड विमानाने पोहोचलेला फिल कॉलिन्स होते. तालीम धड झाली नव्हती, गायक रॉबर्ट प्लांटचा घसा बसला होता, गिटारवादक जिमी पेजची गिटार सुरात नव्हती. बँडला ते सादरीकरण इतके खटकले की २००४ साली निघालेल्या लाइव्ह एडच्या डीव्हीडीत त्यांनी ते घेऊ दिले नाही.

१० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनात झालेली मैफल याच्या अगदी उलट होती. पेजचे बोट मोडल्यामुळे ती दोन आठवडे पुढे ढकलावी लागली होती, पण तालमी कसून झाल्या होत्या आणि ड्रमवर बोनमचा मुलगा जेसन होता. वडिलांच्या वाजवण्याचे वजन त्याच्या हातात होते. आजवरच्या रीयुनियनांमध्ये या मैफलीला फार वरचे स्थान द्यावे लागते. तिच्यानंतर जगभरचा दौरा होईल असे सगळ्यांनी धरून चालले होते. प्लांटने नकार दिला आणि तो गायिका ॲलिसन क्रॉससोबतच्या दौऱ्यावर निघाला. चाहते त्याच्यावर नाराज झाले, पण एकच मैफल झाली म्हणूनच ती इतकी सांभाळली गेली.

पिंक फ्लॉइडचे चौघे २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, लाइव्ह एट या गरिबीविरोधी मैफलीच्या निमित्ताने, २४ वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले. बेसवादक रॉजर वॉटर्स आणि गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्यातील वैर तोवर कोर्टापर्यंत जाऊन आले होते. शेवटी चौघांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून श्रोत्यांना अभिवादन केले आणि त्या छायाचित्राने चाहत्यांच्या आशा पुन्हा पालवल्या. २००८ साली कीबोर्डवादक रिचर्ड राइटचे निधन झाले आणि ते चौघे पुन्हा एकत्र दिसण्याची शक्यता संपली.

बँड फुटण्यामागे अहंकार, व्यसने आणि थकवा असतोच; मात्र पैशाच्या वाटणीची जखम सर्वांत उशिरा भरते. मँचेस्टरचा द स्मिथ्स १९८७ मध्ये फुटला. गायक मॉरिसी आणि गिटारवादक जॉनी मार उत्पन्नाचे प्रत्येकी ४० टक्के घेत, ड्रमर आणि बेसवादकाला दहा-दहा टक्के मिळत. ड्रमर माइक जॉइसने दावा लावला आणि १९९६ मध्ये न्यायालयाने त्याचा समान, म्हणजे चौथा वाटा मान्य केला. त्यानंतर समेटाची वाट जवळपास बंदच झाली. बेसवादक अँडी रुर्क २०२३ मध्ये वारला. मागे उभे राहून वाजवणाऱ्यांना बदली कामगार समजणे चाहत्यांना कधीच पटलेले नाही, आणि त्यांचेच बरोबर आहे.

पैसा तोडतो तसा जोडतोही. ईगल्स हा बँड १९९४ मध्ये, द पोलीस हा बँड २००७ मध्ये परतला. २००९ साली पॅरिसमधील भांडणानंतर फुटलेला ओएसिस ४ जुलै २०२५ रोजी कार्डिफमध्ये मंचावर आला. तिकिटे काढायला रांगेत थांबलेल्यांच्या डोळ्यांदेखत काही तिकिटांचे दर दुपटीहून अधिक चढले. लोकांचा संताप रास्तच होता. पण केवळ पैशासाठी परतले, हा आरोप मैफल वाईट झाल्यावरच करावा. चांगले वाजवणाऱ्याला त्याचे मोल मिळण्यात गैर काही नाही.

बीटल्सचे प्रकरण वेगळेच. १९८० मध्ये जॉन लेननची हत्या झाल्यावर चौघे पुन्हा एकत्र येणे अशक्य झाले. तरी त्याने घरी कॅसेटवर टिपलेल्या एका गाण्यावर उरलेल्या तिघांनी १९९५ मध्ये काम सुरू केले. पियानोच्या आवाजातून लेननचा गळा वेगळा काढता येईना, म्हणून ते तसेच राहिले. जॉर्ज हॅरिसन २००१ मध्ये गेला. पुढे नव्या तंत्राने तो आवाज सुटा झाला, हॅरिसनची १९९५ ची गिटार त्यात आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

याउलट आर.ई.एम. या अमेरिकन बँडचे सगळे सदस्य हयात आहेत आणि त्यांच्यात भांडणही नाही. २०११ मध्ये त्यांनी एकमताने बँड थांबवला. जून २०२४ मध्ये न्यू यॉर्कमधील एका सन्मान सोहळ्यात चौघांनी एक गाणे सादर केले, पण दौऱ्याला त्यांचा नकार कायम आहे.