आधी चाळायचं, मग निवडायचं

गरोदर भाचीचा मेसेज रात्री साडेअकराला आला. ‘मावशी, जागी आहेस?’ खाली डबल मार्करच्या, म्हणजे गरोदरपणातल्या एका रक्ततपासणीच्या, रिपोर्टचा फोटो. लाल पट्टा, पट्ट्यात एक ठिपका, आणि ठळक अक्षरांत ‘ट्रायसोमी २१ : १:१८०, स्क्रीन पॉझिटिव्ह’. फोटो हललेला होता. काढताना हात थरथरत असणार.

मी तिला एवढंच विचारलं, ‘तुझ्यासारखाच रिपोर्ट आलेल्या १८० बायका समोर बसव. त्यातल्या कितीजणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल?’
‘एकीच्या.’
‘आणि बाकीच्या?’
बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, ‘१७९ जणींचं बाळ ठीक. पण मग पॉझिटिव्ह का म्हणतात गं?’

प्रश्न रास्त आहे. मी वीसेक वर्षं नर्सिंगच्या मुलींना मिडवायफरी शिकवली. त्यांनाही या एका शब्दाने दरवर्षी गोंधळात टाकलं. कोविडनंतर तर ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे ‘झालंच’ असा अर्थ घरोघर पक्का झाला. तेव्हा मी वर्गात गव्हाचं उदाहरण द्यायचे. घरात पोतं आलं की आधी गहू चाळतात. माती, बारीक खडे खाली पडतात. त्यांच्यासोबत चिमलेले, बारके दाणेही पडतात. म्हणून खाली पडलेलं सगळंच टाकाऊ नसतं. उलट गव्हाएवढाच एखादा खडा चाळणीवर निवांत बसून राहतो. त्यासाठी नंतर ताटात घेऊन, चष्मा लावून, दाणा न् दाणा निवडावा लागतो. स्क्रीनिंग म्हणजे चाळणं. डायग्नोस्टिक टेस्ट, म्हणजे निदान करणारी तपासणी, हे निवडणं. गरोदरपणातल्या निम्म्या रडारडीचं मूळ एकच असतं: चाळणीचा निकाल निवडल्यासारखा ऐकला जातो.

डबल मार्कर ही चाळणी कशी चालते ते पाहू. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान आईच्या रक्तातली दोन द्रव्यं मोजतात, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी. दोन्ही वारेतून येतात. बाळात २१ नंबरचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असेल (हीच ट्रायसोमी २१, म्हणजे डाउन सिंड्रोम) तर पहिलं सहसा कमी भरतं, दुसरं जास्त. त्याच सुमारास सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पातळ पाण्याच्या थराची जाडी मोजतात. तो एनटी स्कॅन. हे सगळं आईच्या वयाशी जोडून कॉम्प्युटर एक आकडा काढतो. बाळाच्या गुणसूत्रांकडे यातल्या कोणीही पाहिलेलं नसतं! बऱ्याच लॅब १:२५० वर रेघ मारतात. रेघेच्या अलीकडे ‘हाय रिस्क’, पलीकडे ‘लो रिस्क’. ही रेघ निसर्गाने मारलेली नाही. चाळणीची भोकं केवढी ठेवायची हे माणसांनी ठरवलेलं असतं.

आता हिशेब. १०,००० गरोदर बायका घेऊ. साधारण ७०० गर्भांमागे एक धरला तर त्यांतल्या १४ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल. ही चाळणी त्यातल्या १२ पकडते. पण ज्यांचं बाळ ठीक आहे अशा शंभरातल्या पाच जणींनाही ती अडवते, म्हणजे जवळजवळ ५०० बायका. एकूण ५१२ घरांत ‘पॉझिटिव्ह’ जातं आणि खरं ठरतं ते १२ घरांत. शंभरातल्या दोघी-तिघी. आणि ज्या दोघी निसटल्या, त्या ‘लो रिस्क’चा कागद घेऊन पेढे वाटत असतात. चाळणी वाईट आहे असं नव्हे. इतक्या स्वस्तात, सुई फक्त आईच्या दंडात टोचून, दहा हजारांतून नेमक्या कोणाकडे नीट बघायचं हे ती दाखवते. तिच्याकडून एवढंच मागावं.

हल्ली याच्या पुढची बारीक चाळणी मिळते, एनआयपीटी. ती आईच्या रक्तातला बाळाचा डीएनए तपासते. तिची गोष्ट मला फार आवडते. डेनिस लो हा हाँगकाँगचा शास्त्रज्ञ. बाळाचा डीएनए आईच्या रक्तात सापडेल का, हा त्याचा ध्यास. सगळे रक्तातल्या पेशी शोधत बसले होते. त्याने पेशी बाजूला ठेवल्या आणि उरलेलं पिवळसर पाणी, प्लाझ्मा, चक्क उकळून तपासलं. आणि त्यात शोधलं काय? वाय गुणसूत्राचे तुकडे. बाईच्या रक्तात वाय असण्याचं कारण नाही. सापडला तर तो पोटातल्या मुलाचाच. १९९७ साली हे छापून आलं आणि २०११ पासून त्यावरच्या तपासण्या बाजारात आल्या. ज्या वायमुळे हा शोध सिद्ध झाला, नेमका तोच आपल्याकडच्या रिपोर्टमधून लॅबला कायद्याने गाळावा लागतो. त्याकडे येतेच.

दहाव्या आठवड्यानंतर आईच्या प्लाझ्मातल्या मोकळ्या डीएनएपैकी साधारण दहा टक्के ‘बाळाचा’ असतो. अवतरणचिन्ह मुद्दाम टाकलंय. तो खरं तर वारेचा असतो. वार आणि बाळ एकाच फलित पेशीतून घडतात, त्यामुळे बहुतेक वेळा दोघांची गुणसूत्रं सारखीच. पण कधी कधी वारेच्याच काही पेशींत गडबड असते आणि बाळ अगदी ठीक असतं. मग एनआयपीटी प्रामाणिकपणे ‘हाय रिस्क’ सांगते आणि तरीही चुकते. डाउन सिंड्रोमच्या शंभरातल्या ९९ केसेस ती पकडते, आणि हजार ठीक बाळांमागे एखादीलाच उगाच अडवते. कागदावर हे जवळजवळ निदानासारखंच दिसतं. इथेच फसायला होतं. पंचविशीतल्या १०,००० बायकांत डाउन सिंड्रोमची बाळं धरा दहा. दहाही पकडली. आणि उगाच अडवलेल्या? त्याही दहा. म्हणजे पंचविशीतल्या मुलीचा ‘हाय रिस्क’ रिपोर्ट खरा असण्याची शक्यता नाणं उडवण्याइतकी. चाळिशीतल्या १०,००० बायकांत तीच बाळं शंभरेक असतात. तिथे तोच रिपोर्ट दहात नऊ वेळा खरा ठरतो. लॅब तीच, मशीन तेच, कागदावरचे शब्दही तेच, आणि अर्थ मात्र कागद कोणाच्या हातात आहे यावर ठरतो. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. आपल्या ओपीडीत ती पाच मिनिटं नसतात, हे मला ठाऊक आहे. तरीही.

निवडणं म्हणजे सुई. पंधराव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीत बघत बघत आईच्या पोटातून सुई घालून पंधरा-वीस मिलीलिटर गर्भजल काढतात. त्यात बाळाच्या सुटलेल्या पेशी तरंगत असतात. त्या वाढवून गुणसूत्रं मोजली की शंका उरत नाही. त्याआधी, ११ ते १३ आठवड्यांत, वारेचा बारीकसा तुकडा घेता येतो. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका हजारात एक ते तीन, म्हणून सहसा चाळल्याशिवाय कोणी सुई घालत नाही. गर्भजलातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं पाहता येतात हे १९६६ मध्ये दाखवलं गेलं. पुढच्या दशकात तंत्र भारतात आलं, आणि आपण त्याचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. व्यंग शोधायला आलेल्या सुईने मुली शोधल्या गेल्या. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ मध्ये आला. आज फॉर्म भरल्याशिवाय सोनोग्राफीसुद्धा होत नाही ती त्यामुळे. बायका त्या फॉर्मला वैतागतात, पण सुईच्या तपासणीबाबत त्याच कायद्यात एक कलम आहे जे मला मनापासून पटतं. तपासणीचे धोके बाईला समजावून सांगायचे, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यायची, आणि त्या कागदाची प्रत तिला द्यायची.

शहरातल्या डबल मार्करबद्दलच बोलत राहिले तर अर्धीच गोष्ट होईल. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चाळणी वेगळी असते. ती सिकल सेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची. आरोग्यसेविका बोटातून रक्ताचा थेंब घेते, काचेच्या नळीतल्या द्रावणात टाकते, हलवते आणि थांबते. मग काळ्या रेघा मारलेला कागद नळीमागे धरते. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. नळीतलं पाणी गढूळ होऊन रेघा पुसल्यासारख्या झाल्या तर सिकलसाठी पॉझिटिव्ह. द्रावणातलं सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन विरघळलेलं राहतं, सिकलचं विरघळत नाही. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं, एवढ्याने!

पण ही नळी एक गोष्ट सांगू शकत नाही. आजार आहे, की बाई फक्त वाहक आहे? दोघींची नळी सारखीच गढूळ. वाहक बाई धडधाकट असते, शेतात राबते. ते वेगळं करायला रक्त जिल्ह्याला पाठवून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार सुटे करून दाखवणारी तपासणी, करावी लागते. दुसरी गोची अशी की रक्त फारच कमी असेल तर सिकल असूनही नळी गढूळ होत नाही, आणि ज्या बायकांचं रक्त कमी त्याच बायका इथे जास्त येतात. म्हणून जाणती सिस्टर रेघा दिसल्या तरी पापणी खाली ओढून आत पाहते, हिमोग्लोबिन सातच्या खाली भरलं तर नळीवर विश्वास ठेवत नाही.

बाई वाहक निघाली की खरं काम सुरू होतं ते नवऱ्याला आणण्याचं. तोही वाहक असेल तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ते पक्कं करायला पुन्हा तीच वारेची किंवा गर्भजलाची तपासणी, तीही मोठ्या शहरात. नाव नोंदवायलाच पाचवा महिना उजाडला तर हातात आठवडे किती राहतात? केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केली, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांना चाळायचं लक्ष्य ठेवलं. चाळणं वाढेल. निवडायची सोय त्याच वेगाने वाढली नाही तर गढूळ नळ्यांची नोंद तेवढी वहीत राहील.

एक तपासणी मात्र या सगळ्याला अपवाद आहे आणि ती भारतीय आहे. गरोदरपणातला मधुमेह. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या आग्रहातून रुजलेली पद्धत अशी: शेवटचं जेवण कधी झालं हे न विचारता ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात द्यायचं, दोन तासांनी साखर मोजायची. १४० किंवा वर भरली की निदान झालं. दहा किलोमीटर चालत आलेल्या बाईला ‘उद्या उपाशीपोटी ये’ म्हटलं तर ती येत नाही, हे ओळखून चाळणं आणि निवडणं एकाच बाकावर उरकलेलं आहे. अट एकच, ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा.

भाचीने सुई टाळून एनआयपीटी केली. दहा दिवस तिने गुगल केलं आणि मी तिची समजूत काढली. रिपोर्ट ‘लो रिस्क’ आला. ‘म्हणजे आता नक्की ना?’ ‘नक्की नाही. चाळणी खूप बारीक होती, एवढंच.’ ती थोडी चिडली. एकोणिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी नीट झाली तेव्हा निवळली. सहावा महिना सरता सरता पुन्हा मेसेज, सोबत स्टीलच्या पेल्याचा फोटो: ‘मावशी, ग्लुकोजचं पाणी दिलंय. हे चाळणं की निवडणं?’

‘दोन्ही,’ मी लिहिलं. ‘एकदम घटाघटा पिऊ नकोस, उलटी होईल.’