पोटदुखीचं निदान : आधी काय झालं, मग काय?

उजव्या बाजूला खाली दुखतंय म्हणजे अपेंडिक्स, हे आज घरोघरी ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र बरेच डॉक्टर या दुखण्याचा दोष मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला देत. १८८६ मध्ये हार्वर्डचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी जुन्या रुग्णांच्या नोंदी मांडून दाखवलं, की मूळ बहुतेकदा त्या भागाला जोडलेल्या इवल्याशा शेपटीत, म्हणजे अपेंडिक्समध्ये असतं. ‘अपेंडिसायटिस’ हे नावही त्यांनीच दिलं. तीन वर्षांनी न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी दाबून बघायची नेमकी जागा सांगितली.

पण जागेवर भिस्त ठेवली तर फसगत होते. मूतखडा, अंडाशयाला पडलेला पीळ, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, सगळं त्याच बाजूला दुखू शकतं. म्हणून शिकागोचे जॉन मर्फी यांनी क्रमावर भर दिला: आधी कळ, मग मळमळ-उलटी, मग दाबल्यावर दुखणं, मग ताप. उलट्या-जुलाब आधी आणि कळ नंतर, असं असेल तर गॅस्ट्रोची शक्यता जास्त. कळ बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे उतरते, कारण अपेंडिक्सच्या आणि बेंबीजवळच्या त्वचेच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच पातळीवर पोचतात. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली, की दुखणं जागेवर येतं. आपल्याकडे पोट दुखलं की एरंडेल पाजत. अपेंडिक्स सुजलेलं असताना त्यानं ते फुटण्याची भीती असते.

१९२१ मध्ये लंडनचे सर्जन झॅकरी कोप यांनी या विषयावर पुस्तकच लिहिलं. धडधाकट माणसाचं पोट एकाएकी जोरात दुखू लागलं आणि सहा तास थांबलं नाही, तर कारण बहुधा सर्जननं बघण्यासारखं असतं, हा त्यांचा नियम. रुग्णाकडे नुसतं नीट पाहिलं तरी खूप कळतं. मूतखड्याचा रुग्ण तळमळत कूस बदलत राहतो. अल्सर फुटलेला माणूस निश्चल पडून असतो, खोकायलाही धजत नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो इंग्लंडमधल्या लीड्सचा प्रयोग. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तिथले डॉक्टर डी डोंबाल आणि सहकाऱ्यांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांची लक्षणं ठरावीक फॉर्मवर नोंदवून कॉम्प्युटरला दिली. त्याचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं ७९.६ टक्के. पण प्रयोग चालू होता त्या काळात डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं, आणि ऑपरेशनआधी फुटलेल्या अपेंडिक्सचं प्रमाण ३६ वरून ४ टक्क्यांवर आलं. प्रयोग थांबला, तसे हे आकडे पुन्हा पूर्वीच्या दिशेनं घसरले.