डेस्कटॉपची मांडणी

डेस्कटॉपची मांडणी म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर जो पहिला स्क्रीन समोर येतो तो आपल्या हाताला आणि डोळ्याला सोयीचा करून घेणं. आयकॉन कुठे, टास्कबार कुठे, वॉलपेपर कोणता, अक्षर केवढं, कीबोर्ड कुठल्या भाषेचा, सगळं त्यात आलं. हात एकदा जागेला सरावला की डोळे न लावता माउस बरोबर तिथेच जातो, म्हणून कोणी न विचारता आयकॉन हलवले की माणूस चिडतो, आणि ते चिडणं अगदी रास्त आहे.

आयकॉन, खिडक्या आणि माउस हा प्रकार झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतला, १९७३ चा अल्टो आणि मग १९८१ चा स्टार. १९८४ ला ॲपलच्या मॅकिंटॉशमुळे तो लोकांपर्यंत गेला आणि आपल्याकडे बहुतेकांना तो ऑगस्ट १९९५ ला आलेल्या विंडोज ९५ नंतर माहीत झाला, स्टार्ट बटण आणि टास्कबार तिथूनच.

विंडोजमध्ये सुरुवात रिकाम्या जागेवर राइट क्लिक करून व्ह्यू मध्ये जाण्यापासून होते. तिथे ऑटो अरेंज चालू असेल तर आयकॉन कितीही ओढा, परत रांगेत जाऊन बसतात, आधी ते बंद करायचं. अलाइन टू ग्रिड मात्र राहू द्या, त्याने ओळी सरळ राहतात. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की आयकॉन लहानमोठे होतात, हे घरातल्या आजोबांना एकदा दाखवून ठेवायलाच हवं. बाण असलेला आयकॉन म्हणजे शॉर्टकट, तो डिलीट केला तरी मूळ फाइल जागेवरच असते, पण बाण नसेल तर ती फाइल खरंच तिथे पडलेली आहे आणि डिलीट केली की गेली रीसायकल बिनमध्ये.

मांडणी खरी कशाला म्हणायची ते लग्नाच्या पत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडणाऱ्याकडे, बघावं. इंदूरला सीझनमध्ये एकाच दिवशी हिंदी पत्रिका, मराठी पत्रिका आणि अर्धी हिंदी अर्धी मराठी पत्रिका अशी कामं येतात, कारण वरपक्ष रामबाग भागातला मराठी आणि वधूपक्ष हिंदी भाषक असं होतंच. मग डाव्या कडेला चालू कामांचे फोल्डर, पार्टीचं आडनाव आणि लग्नाची तारीख टाकून, मध्ये प्रूफला गेलेले, उजव्या कडेला छापायला गेलेले, आणि काम पुढे सरकलं की फोल्डर उजवीकडे ओढायचा. काउंटरवर कोणी “भाऊ, आमचं कुठपर्यंत आलं?” विचारलं की काही न उघडता नुसतं स्क्रीनकडे बघून सांगता येतं. फोल्डरच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली तर सॉर्ट केल्यावर लग्नं आपोआप क्रमाने लागतात.

कीबोर्डचा मामला इथे वेगळाच आहे. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी ही कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा देणारी मुलं हिंदी टायपिंग रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट या लेआउटवर, म्हणजे कीबोर्डवरच्या अक्षरांच्या मांडणीवर, करतात, जुने डीटीपीवाले कृतिदेव फॉन्टवर, आणि घरी मराठी लिहायला कोणी इंग्रजी अक्षरांतून टाइप करतो. सगळे लेआउट एकाच अकाउंटमध्ये भरले की विंडोज आणि स्पेसबार दाबल्यावर चारपाच वेळा फिरत बसावं लागतं. जे लागत नाहीत ते भाषेच्या सेटिंगमधून काढून टाकावेत, दोनच ठेवावेत. आणि देवनागरीच्या वेलांट्या, अनुस्वार, रफार बारीक अक्षरात चिकटल्यासारखे दिसतात, त्यासाठी डिस्प्लेमध्ये स्केल १२५ टक्के करून बघावा, चष्म्याचा नंबर वाढला असं वाटणाऱ्या कित्येकांना तेवढंच पुरतं.

वॉलपेपर लोक हौसेने लावतात आणि लावावाच. खजराण्याचा गणपती, घरातलं लहान मूल, इंदूरचा राजवाडा. पण राजवाडा सात मजली, मोबाइलवर काढलेला फोटो उभा, आणि स्क्रीन आडवा, त्यात सेटिंग फिल, म्हणजे फोटोने पूर्ण स्क्रीन भरणारं, असेल तर वरचे लाकडी मजले आणि खालचा दरवाजा दोन्ही कापले जातात. तिथे अख्खा फोटो दाखवणारं फिट निवडायचं, कडेला रिकामा रंग येतो तो गडद ठेवायचा म्हणजे आयकॉन तिथे लावता येतात आणि नावंही स्वच्छ वाचता येतात. गर्दीच्या फोटोवर आयकॉन लावले की नाव शोधण्यातच वेळ जातो.

टास्कबार विंडोज १० पर्यंत चारही कडांना नेता यायचा. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर उंची मुळात कमी, तो डाव्या कडेला उभा केला की पानाच्या दोनतीन ओळी जास्त दिसायच्या. २०२१ ला विंडोज ११ आली तेव्हा ही सोय काढून टाकलेली होती आणि बटणं मध्यभागी आणलेली होती, ती सेटिंगमधून परत डावीकडे नेता येतात. सोय काढायला नको होती असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पूर्ण मोकळीक हवी त्यांनी विंडोजऐवजी लिनक्स बघावं, त्यात केडीई, एक्सएफसीई, ग्नोम असे वेगवेगळे डेस्कटॉप निवडता येतात, केडीई मध्ये पॅनल कुठल्याही कडेला नेता येतं, एकाऐवजी दोन ठेवता येतात, आणि जुन्या कमी रॅमच्या मशीनला एक्सएफसीई हलकं पडतं. ग्नोममध्ये मात्र २०१८ पासून डेस्कटॉपवर आयकॉन ठेवायची सोय मुळात दिलेलीच नाही, एक्सटेन्शन टाकावं लागतं.

एकच पीसी आई, बाबा, कॉलेजातली मुलगी आणि आजोबा असे सगळे वापरत असतील तर प्रत्येकाचं वेगळं अकाउंट काढावं, मग एकाने अक्षर मोठं केलं तर दुसऱ्याचं बिघडत नाही आणि भांडणंही होत नाहीत. तरी काही आयकॉन सगळ्यांकडे दिसतात, कारण ते पब्लिक डेस्कटॉप नावाच्या सामायिक फोल्डरमध्ये असतात, काढायला गेलं की ॲडमिनची परवानगी मागतात आणि काढले की सगळ्यांकडून जातात.

डेस्कटॉप हा शेवटी सी ड्राइव्हवरचा एक फोल्डर आहे आणि दुकानात मशीन फॉरमॅटला दिली की सी ड्राइव्हच पुसतात, त्यामुळे स्क्रीनवर समोर ठेवलेले मुलांचे फोटो आणि मार्कशीट आधी जातात. यावर उपाय सोपा आहे, डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनचा टॅब असतो, तिथून तो डी ड्राइव्हवर हलवता येतो. फक्त डी मध्ये आधी एक नवा फोल्डर बनवा आणि तोच निवडा, नुसता डी निवडला तर अख्खा ड्राइव्हच डेस्कटॉप धरला जातो आणि परत जागेवर आणणं फार त्रासाचं होतं.