उघाडीवरचं शहर

पावसाळ्यात वाशी-कोपरखैरण्यात रस्ते तुंबले की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘पंप चालू आहेत ना?’ तिथल्याच गावठाणात राहणारी, माझ्या ओळखीची एक आगरी आजी मात्र वेगळंच विचारते, ‘आज तिथ कंची?’

प्रश्न तिचाच बरोबर आहे. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल त्या तासाला भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आपल्या किनाऱ्यावर हा हिशोब पिढ्यान् पिढ्या तोंडी आहे. भरतीची वेळ १५ तिथींमध्ये १२ तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. तोंडी हिशोबात ती ४५ धरली आहेत, त्यामुळे पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं आणि पाणी चढतं बाराच्या आसपास. शेतीला एवढी चूक खपायची.

शेतीचा आणि भरतीचा संबंध काय, तर पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधला सखल पट्टा म्हणजे खार जमीन. खाडीच्या बाजूने मातीचा बांध, आत भात. बांधात एक उघाडी. वरच्या कडेला टांगलेली लाकडी फळी, खाडीकडे उघडणारी. भरतीचं पाणी तिला बाहेरून दाबून बंद करतं; ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून निघून जातं. ना माणूस लागतो, ना इंधन. जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुऊन खाली नेतो, शेतात उभं राहिलेलं गोडं पाणी ते खालीच दाबून ठेवतं, आणि तेवढ्या चार महिन्यांत राता भातासारखी खारं सोसणारी वाणं पिकून निघतात. उन्हाळ्यात तेच मीठ केशाकर्षणाने वर येऊन जमिनीवर पांढरं फुटतं.

१९७० मध्ये सिडको ही राज्य सरकारची शहर उभारणारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर नवं शहर, नवी मुंबई, आखलं गेलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ही कल्पना आधीच मांडलेली होती. आराखड्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. जमिनीच्या मोबदल्याच्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथल्या पोलिस गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला, तेव्हा कुठे ‘साडेबारा टक्के’, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाचे विकसित भूखंड परत, आले, हे त्यामानाने कमी लिहिलं जातं.

पण पाण्याला सातबारा कळत नाही. उधाणाच्या भरतीला खाडी या शहराच्या काही भागांहून वर असते. त्या वेळी मोठा पाऊस आला तर पाणी जाणार कुठे? म्हणून सिडकोने नोडागणिक, म्हणजे शहराच्या एकेका उपनगरात, धारण तलाव खोदले. गटारं तलावात येतात, तलावाच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीला झडपा मिटतात, तलाव भरत राहतो, ओहोटीला रिकामा होतो. याला डच पद्धत म्हणायची रीत आहे. मला त्याचं हसू येतं. आजीच्या शेतात हॉलंडचं कोणी आलं नव्हतं.

फरक आहे तो साठवणुकीत. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं. बांध घातलेलं भाताचं शेत त्यातलं बरंचसं जागीच धरायचं, सावकाश सोडायचं. त्याच हेक्टरावर छपरं आणि डांबर आलं की ते पाणी थेट गटारात धावतं. पूर्वी सगळं शिवारच धारण तलाव होतं.

जमिनीचंही तसंच. खाडीची काळी चिकणमाती पाण्याने फुगलेली असते. भराव टाकला की वजनाखाली हे पाणी पिळून निघतं, पण फार सावकाश, आणि तितकी वर्षं जमीन खचत राहते. हा वेळ पाण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गावर ठरतो: वाट अर्धी केली की वेळ चौथाई. म्हणून हल्ली मोठ्या भरावांआधी चिखलात उभ्या, पट्टीसारख्या निचरा-वाटा एकमेकींच्या जवळ खुपसतात. उंच इमारती खडकापर्यंत गेलेल्या खांबांवर, म्हणजे पाइलवर उभ्या, त्या हलत नाहीत. भोवतीचं अंगण खचतं. जिन्याची शेवटची पायरी आणि फरशी यांच्यातली चार बोटांची फट त्यातलीच.

आता तलाव गाळाने भरत आलेत. भरतीबरोबर कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, बियाही आत येतात, गाळात रुजतात. २००५ पासून उच्च न्यायालयाने कांदळवनांना संरक्षण दिलंय, त्यामुळे परवानगीशिवाय तिथे यंत्र उतरवता येत नाही. गाळ काढायला हवा आणि कांदळवन राखायला हवं, दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि तलाव दरवर्षी थोडा उथळ होतो.

मागच्या जुलैत आजीला एका तलावाच्या तोंडाशी नेलं. ओहोटी लागली होती. लोखंडी झडप किलकिली झाली होती, खालून गढूळ पाणी सुसाट निघालं होतं, कडेला एक बगळा टपून उभा. तिने कठड्यावरून वाकून बराच वेळ पाहिलं.

‘ही त उघारीच हाय,’ ती म्हणाली. ‘हिच्यातला गाल कोन कारतं?’