स्क्रूचे प्रकार आणि निवड

स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. तो फिरवला की फिरण्याचं ओढण्यात रूपांतर होतं आणि दोन वस्तू एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात, स्क्रूचं खरं काम एवढंच, आवळून धरणं. बरेच जण त्याला जाड खिळा समजतात आणि वजन पेलायला वापरतात, तिथून सगळी गडबड सुरू होते. म्हणून दुकानात जाऊन "दीड इंची द्या" म्हणण्याआधी तो कशात घुसणार आहे, कशाला ओढून धरणार आहे आणि ओढ कुठल्या बाजूनं येणार आहे हे ठरवायला हवं, लांबी-जाडी नंतर आपोआप ठरते.

नाशिकमधे हा विषय घरोघरी आहे असं म्हटलं तरी चालेल. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मशीनचे पार्ट बनतात, ओझरला एचएएलमधे १९६४ पासून मिग आणि पुढं सुखोई विमानांचं काम झालं, पंचवटीकडचे जुने वाडे सागवानी लाकडाचे, गंगापूर रोडला नवे फ्लॅट एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटा), आणि बाहेर पडलं की द्राक्षबागा नी पॉलीहाऊस. या प्रत्येक ठिकाणी लागणारा स्क्रू वेगळा असतो आणि एकाचा दुसरीकडे चालत नाही.

थोडा इतिहास. पाणी उपसायचा नी तेल गाळायच्या घाण्याचा स्क्रू फार जुना आहे, पण एकसारखे आटे (दांड्यावरच्या पिळदार चऱ्या) पाडता यायला लागले ते १८०० च्या आसपास हेन्री मॉड्सलेच्या लेथमुळं. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असं नव्हतं. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मधे ५५ अंशांच्या आट्याचं (आट्याच्या दोन उतारांमधला कोन) माप सुचवलं, अमेरिकेत १८६४ मधे विल्यम सेलर्सनं ६० अंशांचं, आणि आजचा मेट्रिक आटाही ६० अंशांचाच आहे. व्हिटवर्थ मात्र गेलेला नाही, आपल्या नळाच्या फिटिंगचा बीएसपी आटा ५५ अंशांचाच असतो आणि "अर्धा इंची" म्हणतो तो नळ बाहेरून मोजला तर जवळपास २१ मिलिमीटर भरतो, कारण ते नाव पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलंय.

मापं वाचायला शिकणं फार गरजेचं आहे. लाकडी स्क्रूच्या बॉक्सवर "३५ × ८" असं असतं, म्हणजे लांबी ३५ मिलिमीटर आणि जाडी ८ नंबर, ८ मिलिमीटर नव्हे. ६ नंबर म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर, ८ नंबर ४.२ आणि १० नंबर ४.८. मशीनच्या बोल्टवर "एम८ × १.२५ × ३०" असतं, त्यात ८ मिलिमीटर जाडी, दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर, लांबी ३०. लांबी मोजताना डोकं चपटं नी पृष्ठभागात बुडणारं असेल, ज्याला सीएसके म्हणतात, तर डोक्यासकट मोजायची, बाकी सगळ्यांची डोक्याखालून.

गॅरेजवाले बोल्टला पान्याच्या नंबरानं ओळखतात, म्हणजे त्यांचा "दहाचा बोल्ट" हा एम६ असतो नी "तेराचा" एम८, दुकानदार मात्र एम१० काढून देतो, त्यामुळं जुना बोल्ट खिशात घालून नेणं सगळ्यात बरं. आणि सूत हे माप अजून चालूच आहे, आठ सूत म्हणजे एक इंच. अडीच सुती बोल्ट ७.९ मिलिमीटरचा, एम८ च्या नटात तो एकदोन आटे छान जातो आणि मग अडतो, कारण त्याच्या आट्यांमधलं अंतर १.४ मिलिमीटर आहे. तिथं पाना लावून जोर केला की नटही गेला, बोल्टही गेला. हातानं फिरत नाही तर माप चुकीचं आहे असं समजून काढून घ्यावा.

लाकडात जाणाऱ्या स्क्रूचे आटे विरळ नी धारदार, टोक अणकुचीदार. तो स्वतःचा आटा स्वतः पाडतो, पण लाकूड बाजूला सरकायला जागा पाहिजे म्हणून आधी बारीक भोक पाडायचं, आटे सोडून आतल्या दांड्याच्या जाडीचं किंवा किंचित कमी. सागवानात तर हे टाळूच नये, लाकूड तडकतं नाहीतर डोकं पिळून तुटतं. आट्याला थोडं मेण किंवा साबण लावला की सुरळीत जातो. पितळी स्क्रू दारा-खिडक्यांवर सुंदर दिसतात पण मऊ असतात, म्हणून जुने सुतार आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटा पाडून घेतात, तो काढतात आणि मग पितळी बसवतात, ही पद्धत अजूनही तितकीच उपयोगी आहे. वाड्यांचे मोठे सांगाडे मुळात खाचा-कुसवांनीच जोडलेले असतात, दुरुस्ती करताना तिथं सरळ स्क्रू ठोकून देण्यापेक्षा मूळ जोड समजून घेतलेला बरा.

वरची फळी खालच्या फळीवर आवळायची असेल तर वरच्या फळीतलं भोक पूर्ण मोकळं हवं, आटा फक्त खालच्या फळीत पकडला पाहिजे. दोन्हीत आटा पकडला की मधे फट राहते आणि कितीही पिळलं तरी ती जात नाही, लोक मग ड्रायव्हरला दोष देतात. लांबीचा अंदाज असा की स्क्रूचा साधारण दोन-तृतीयांश भाग खालच्या लाकडात जावा, म्हणजे १८ मिलिमीटरच्या प्लायसाठी ५० मिलिमीटर ठीक. प्लायच्या कडेत स्क्रू घालताना थर फाटतात, तिथं आधी भोक हवंच, आणि पार्टिकल बोर्ड असेल तर चिपबोर्ड स्क्रू घ्यावा ज्याचे आटे खोल असतात.

इथं काळ्या स्क्रूबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हल्ली फर्निचरच्या कामात तोच सर्रास दिसतो. तो मुळात जिप्सम बोर्ड पत्र्याच्या चॅनेलवर किंवा लाकडी पट्टीवर बसवायला बनवलेला आहे, बारीक आट्याचा पत्र्यासाठी, विरळ आट्याचा लाकडासाठी. स्वस्त आहे, भोक न पाडता झपकन जातो, म्हणून मिस्त्री लोकांना आवडतो. पण त्याचं पोलाद कडक असल्यानं तो वाकत नाही, सरळ तुटतो, आणि काळा थर गंज फार काळ अडवत नाही. फॉल्स सीलिंगला तो योग्यच आहे. पण किचनमधलं भांड्यांनी भरलेलं वरचं कपाट त्याच्यावर टांगू नये, तिथं वजन आडवं येतं, डोकं उडालं तर कपाट खाली येईल. जड शटरच्या बिजागरीलाही नको. अशा जागी जाड दांड्याचा लाकडी स्क्रू किंवा आरपार बोल्ट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

भिंतीत स्क्रू धरत नाही, धरते ती गिट्टी, म्हणजे भोकात आधी घालायची प्लास्टिकची नळी. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते नी भोकाच्या कडांवर दाबून बसते, म्हणून ६ च्या गिट्टीला ६ चाच ड्रिल बिट, आणि भोकातली धूळ फुंकून काढायची, नाहीतर ती बसल्यासारखी वाटते नी पंधरा दिवसांनी सैल होते. विटेच्या नी काँक्रीटच्या भिंतीला हे चालतं. एएसी ब्लॉक मऊ असतो, त्यात साधी गिट्टी कुरतडत बाहेर येते, त्याला मोठ्या पंखांची वेगळी गिट्टी मिळते आणि ड्रिलचं हॅमर बंद ठेवून भोक पाडावं लागतं. गीझरसारखं पाण्यानं भरलेलं वजन असेल तर काँक्रीटमधे अँकर फास्टनर, म्हणजे आवळला की भोकात फुगून बसणारा लोखंडी बोल्ट.

पत्र्यासाठी दोन प्रकार. सेल्फ टॅपिंगला आधी भोक लागतं, आटा तो स्वतः पाडतो. सेल्फ ड्रिलिंगच्या टोकालाच ड्रिल असतो, शेडच्या नी पॉलीहाऊसच्या कामात तोच लागतो, षटकोनी डोकं आणि खाली रबरी वॉशर. रबर जरासा दबला की थांबायचं, जास्त आवळला तर रबर बाहेर फाकतं आणि पहिल्या पावसात तिथूनच गळती.

मशीनचे स्क्रू-बोल्ट म्हणजे वेगळंच जग. इथं आटा आधीच पाडलेला असतो. टॅप मारायला, म्हणजे भोकाच्या आत आटा पाडायला, भोक केवढं पाडायचं याचा हिशोब सोपा, जाडीतून आट्यांमधलं अंतर वजा करायचं, एम६ ला ५, एम८ ला ६.८, एम१० ला साडेआठ. लोखंडात बोल्ट निदान स्वतःच्या जाडीएवढा आत जावा, ॲल्युमिनियममधे दीडपट ते दुप्पट. डोक्यावर ८.८ लिहिलेलं असेल तर तो दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसतो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, कायमचा लांबायला लागतो. ॲलन बोल्टवर (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) बहुतेक १२.९ असतं. कुठलाच आकडा नसलेला बोल्ट गाडीच्या ब्रेकला, स्टिअरिंगला लावू नये, ही जिवाशी गाठ आहे.

आवळताना लावलेल्या जोरातला साधारण दहावा भागच बोल्टला ताणतो, बाकी सगळा डोक्याखालच्या नी आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणून तेल लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला (फिरवायच्या जोराला) कितीतरी जास्त ताणला जातो, तुटूही शकतो. कोरड्यासाठी दिलेला आकडा ऑइल लावलेल्या बोल्टला वापरू नये.

थरथर असलेल्या जागी नट सैल होतो, त्यावर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला), दोन नट एकावर एक, किंवा आट्याला लावायचं लॉकिंग लिक्विड. विमानात बोल्टच्या डोक्याला भोक पाडून त्यातून तार ओवतात नी अशी पिळतात की बोल्ट सुटायला लागला तर तार त्याला आवळायच्याच बाजूला ओढते. काही ठिकाणी आटाच उलटा असतो, सायकलचं डावं पेडल, वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरचा नट (त्यावर खाचा असतात, ओळखायला). तिथं नेहमीसारखं सोडवायला गेलं की उलट घट्ट होतं.

डोक्याच्या खाचेचंही बघा. चौफुलीसारखी दिसणारी खाच फिलिप्सची असेल, पोझिड्राइव्हची असेल (मधे तिरक्या बारीक रेघा) किंवा जपानी जेआयएसची, जिच्यावर बऱ्याचदा एक ठिपका असतो. जपानी घडणीच्या बाइकवर साधा फिलिप्स बिट घसरतो नी खाच गोल होते. बिट खाचेत हलत असेल तर मोठा बिट घ्या.

गंजाचं गणित द्राक्षबागेत सगळ्यात स्पष्ट दिसतं. डावणी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं, आणि मोरचुदातलं तांबं लोखंडावर नी जस्ताच्या थरावर जमतं, त्याबदल्यात लोखंड विरघळतं. त्यामुळं फवारणीच्या पंपाला, नोझलच्या क्लिपला साधे झिंकवाले स्क्रू टिकत नाहीत, पितळी किंवा एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) घ्यावेत. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात उघड्यावर असलेल्या कामालाही ३०४ एसएस बरा. पण एसएसच्या नटात एसएसचा बोल्ट कोरडा नी मशीननं भरकन फिरवला तर आटे एकमेकांत चिकटून जाम होतात, मग कापूनच काढावा लागतो. थोडं ग्रीस लावा, हळू फिरवा.

अडकलेला स्क्रू आधी तेलात मुरू द्यावा, मग डोक्यावर सरळ दोन ठोके, तरी हलला नाही तर आजूबाजूचं लोखंड गरम करायचं. डोकं गेलंच तर उलट्या फिरणाऱ्या ड्रिलनं भोक पाडत जा, बऱ्याचदा त्या फिरण्यातच तो सुटून बाहेर येतो. लाकडातलं भोक मोठं झालं असेल तर फेविकॉल लावून काड्या ठासायच्या, एक रात्र वाळू द्यायचं नी पुन्हा स्क्रू घालायचा. ॲल्युमिनियमच्या इंजिनमधे आटे गेले तर भोक मोठं करून त्यात तारेची गुंडाळी असलेला हेलिकॉइल बसवतात, तो मूळच्या आट्यापेक्षाही दणकट होतो, कारण आता आटा स्टीलचा असतो.