छत गळते म्हणजे दोष वरच्या घराचाच का?

ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांमध्ये एक समज पक्का आहे: छतातून पाणी ठिबकले की वरच्या सदनिकेतला पाईप फुटला, आणि खर्चही त्याच सदस्याने करायचा. हे सरसकट खरे नाही. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी भेगांतून आणि वीजतारांच्या नळ्यांच्या कडेने वाट काढत मूळ गळतीपासून बऱ्याच अंतरावर बाहेर पडू शकते.

म्हणून शेजाऱ्यांशी संबंध बिघडवण्याआधी, त्यांच्याच सहकार्याने, त्यांचा मुख्य व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवून पाहावा. ठिबकणे मंदावले तर त्यांची नळवाहिनी, अंघोळीनंतरच वाढत असेल तर न्हाणीघराची फरशी किंवा सांडपाण्याचा पाईप, आणि केवळ पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत वा गच्ची तपासावी. पाणी दिव्याजवळ येत असल्यास अर्थातच सर्वांत आधी वीजपुरवठा बंद करावा.

खर्चाविषयी महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम, पुरेसे स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरील सामाईक वाहिन्यांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेचे काम आहे. शौचालय, सिंक आदींमुळे होणारी अंतर्गत गळती मात्र संबंधित सदस्याने स्वखर्चाने थांबवायची असते.